दुसरी किल्ली : घरच्या संगणकाची संपूर्ण प्रत

बँकेच्या तिजोरीला किल्ल्यांचे दोन संच असतात. पहिला संच रोजच्या वापरात, दोन अधिकाऱ्यांच्या संयुक्त ताब्यात राहतो. दुसरा संच मोहोरबंद करून दुसऱ्या शाखेत किंवा दुसऱ्या बँकेत ठेवला जातो. ठरावीक मुदतीनंतर दोन्ही संचांची अदलाबदल होते. ठेवणीतला संच वापरात येतो आणि वापरातला ठेवणीत जातो. या रिवाजामागचा विचार साधा, पण खोल आहे. ठेवणीतली किल्ली कुलपाला अजून लागते की नाही, हे आपत्तीच्या दिवसापर्यंत गुलदस्त्यात राहता कामा नये. ते शांततेच्या दिवशीच कळले पाहिजे.

व्यापारी घरांतील रोजमेळ आणि खतावणी आता वहीतून संगणकात गेली आहे. तिजोरी बदलली, दुसऱ्या किल्लीचा विचार मात्र फार थोड्या घरांनी केला आहे.

इंदापूर तालुक्यात नीरेच्या काठी वसलेल्या निरवांगीसारख्या गावातील एखादी पेढी डोळ्यांसमोर आणावी. पुढे दुकान, मागे घर. दुकानात खते, बियाणे, औषधे आणि थोडे किराणा सामान. गिऱ्हाईक मुख्यतः ऊसकरी शेतकरी. आडसाली ऊस जुलै-ऑगस्टमध्ये लावला जातो आणि तुटून जायला दीड वर्षाच्या आसपास लागते. कारखान्याचे बिल हाती येईपर्यंत खताची उधारी दुकानदाराच्या खात्यावर उभी असते. एका पिकाच्या हिशेबात दोन दिवाळ्या येतात. हा सारा हिशेब मागल्या खोलीतील एका संगणकात, टॅलीमध्ये असतो. दिवसाच्या नोंदी रात्री जेवणानंतर घरातील मुलगा किंवा सून करते. त्याच संगणकावर जीएसटीची विवरणपत्रे भरली जातात, बँकेचे व्यवहार होतात, आजीच्या ऐंशीव्या वाढदिवसाची छायाचित्रे साठवली जातात आणि सुटीत नातवंडे खेळही खेळतात.

आता समजा, एका सकाळी हा संगणक सुरू झालाच नाही. जुन्या पद्धतीची हार्ड डिस्क असेल तर आधी काही दिवस टकटक आवाज येऊन थोडी सूचना मिळते; नवी एसएसडी बहुधा आवाजही न करता, एकाएकी निकामी होते. विजेचा दाब वरखाली होणे, वळवाच्या पावसात कडाडलेली वीज, चहाचा पेला लवंडणे, यांपैकी कोणतेही निमित्त पुरते. अशा वेळी जे जाते त्यात पैसा हा एक भाग झाला. कोणाकडून किती येणे आहे हे निश्चित सांगता येत नाही, ही खरी हानी होय. आठवणीने बाकी सांगावी, तर भरलेल्या माणसाकडे पुन्हा मागितले जाण्याचा दोष घडतो; मागू नये, तर पेढी बुडते. उधारीचा धंदा ज्या शब्दावर चालतो, तो शब्द त्या दिवशी डळमळतो.

सावध घरे यावर एक उपाय करतात. टॅलीतील माहितीची प्रत पेनड्राइव्हवर घेऊन ठेवतात. ही सवय उत्तम आहे आणि ती सोडू नये. पण तिची मर्यादा नवा संगणक आणल्यावर कळते. त्यात आधी विंडोज हवे, मग टॅली, मग टॅलीचा परवाना, बिल छापणाऱ्या प्रिंटरची जोडणी, मराठी टंकलेखनाची व्यवस्था, डिजिटल सहीच्या टोकनाचा ड्रायव्हर, बिलाचा ठरवलेला नमुना, विवरणपत्रांच्या जुन्या फायली. प्रत्येक गोष्ट कोणीतरी, कधीतरी, अर्ध्या तासात बसवून दिलेली असते. ती सारी एकदम बसवायला बारामतीहून जाणकार बोलवावा लागतो आणि आठवडा जातो. दुकानाला आग लागली असता वह्या तेवढ्या बाहेर काढल्या, असा हा प्रकार. वह्या वाचल्या, पण दुकान पुन्हा मांडायचे राहिले.

डिस्क इमेजिंग म्हणजे मांडलेले दुकान जसेच्या तसे उचलून ठेवण्याची सोय. डिस्कवरील विभागणी, संगणक सुरू करणारा भाग, विंडोज, सारे प्रोग्रॅम, त्यांच्या मांडण्या आणि सर्व फायली यांची मिळून एकच संपूर्ण प्रत तयार होते. तिला इमेज म्हणतात. चांगला प्रोग्रॅम डिस्कची रिकामी जागा वगळतो आणि भरलेली जागा दाबून लहान करतो, म्हणून इमेज मूळ डिस्कएवढी मोठी होत नाही. डिस्क निकामी झाली की नवी डिस्क बसवावी, इमेज तिच्यावर उतरवावी. संगणक इमेज घेतलेल्या दिवशी होता तसा उभा राहतो. त्या दिवसानंतरच्या नोंदी पेनड्राइव्हवरील टॅलीच्या प्रतीतून भरून घेता येतात. दोन्ही सवयी एकमेकींना पूरक आहेत त्या अशा.

ही कल्पना नवी नाही. न्यूझीलंडमधील मरे हॅझर्ड यांनी १९९० च्या दशकाच्या मध्यास घोस्ट नावाचा प्रोग्रॅम लिहिला. १९९८ मध्ये सिमँटेक या अमेरिकी कंपनीने तो विकत घेतला आणि नॉर्टन घोस्ट या नावाने तो जगभर पसरला. घरगुती ग्राहकांसाठी त्याची विक्री २०१३ मध्ये थांबली.

दुसरी किल्ली कोठे ठेवावी, याचा सर्वांत मोठा धडा महाराष्ट्राच्या किनाऱ्यालाही मिळालेला आहे. २७ जून २०१७ रोजी नॉटपेट्या नावाचा घातक प्रोग्रॅम जगभर फैलावला. त्याचा उगम व्यापाऱ्यांनी ध्यानात ठेवावा असा आहे. युक्रेनमध्ये हिशेब आणि करासाठी सर्रास वापरल्या जाणाऱ्या एम.ई.डॉक या प्रोग्रॅमच्या नव्या आवृत्तीतून तो आत शिरला. डेन्मार्कच्या मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे त्याने ठप्प केले आणि त्या समूहाची एपीएम टर्मिनल्स ही कंपनी चालवीत असलेले न्हावाशेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदराचे एक टर्मिनलही बंद पडले. तो प्रोग्रॅम खंडणी मागत असे, पण पैसे भरूनही माहिती परत मिळण्याची सोय त्यात नव्हती. पुढे दावोस येथे मर्स्कच्या अध्यक्षांनी सांगितले की, कंपनीला दहा दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० संगणक नव्याने उभे करावे लागले.

अँडी ग्रीनबर्ग या पत्रकाराने २०१८ मध्ये त्यामागची हकिगत प्रसिद्ध केली. कंपनीच्या जाळ्याचा नकाशा जणू ज्यांच्या पोटात असतो असे सुमारे दीडशे सर्व्हर होते आणि ते एकमेकांची प्रत सांभाळीत. एक गेला तर दुसरा आहे, अशी ती रचना. पण सारे एकाच तारेने जोडलेले असल्यामुळे सारे एकाच वेळी गेले. वाचला तो फक्त एक, आफ्रिकेतील घाना देशातला. कारण हल्ल्याच्या वेळी तेथील वीज गेली होती आणि तो जाळ्यापासून तुटलेला होता. त्यातील माहिती इंटरनेटने पाठवणे फार वेळखाऊ ठरले असते, म्हणून त्याची डिस्क माणसाकरवी विमानाने नायजेरियात आणि तेथून दुसऱ्या माणसाकरवी लंडनला नेण्यात आली. जगातील एका बलाढ्य कंपनीला वीज जाण्याने तारले.

निरवांगीच्या पेढीला यातून मिळणारी शिकवण स्पष्ट आहे. बाहेरची डिस्क विकत आणली, तिच्यावर इमेज घेतली आणि ती बारा महिने संगणकालाच जोडून ठेवली, तर ती दुसरी किल्ली पहिल्या किल्लीच्याच जुडग्यात अडकवल्यासारखी झाली. वीज दोघांवर एकत्र पडेल, खंडणीखोर प्रोग्रॅम दोघांनाही एकत्र कुलूप घालील, चोर दोन्ही एकत्र नेईल. काम संपताच डिस्क काढून कपाटात ठेवणे, हा या विद्येतील अर्धा भाग आहे. मोबाइलमधील किंवा ड्राइव्हवरील आपोआप होणारी साठवण चांगली. पण तीही जोडलेलीच असते. येथे फाइल पुसली की काही काळाने तेथेही पुसली जाते, हे विसरू नये.

कायद्याची बाजूही पाहावी. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ नुसार त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम मुदतीपासून ७२ महिने हिशेबाची पुस्तके जपावी लागतात. त्याच कायद्याखालील नियम ५७ सांगतो की, हिशेब इलेक्ट्रॉनिक स्वरूपात असेल तर त्याची योग्य प्रत ठेवावी. अपघाताने किंवा नैसर्गिक कारणाने मूळ नोंदी नष्ट झाल्या तर वाजवी वेळात ती माहिती पुन्हा उभी करता आली पाहिजे. 'संगणक बिघडला' हे उत्तर तपासणीच्या टेबलावर फार काळ टिकत नाही.

प्रत्यक्ष कृती अवघड नाही. घरातील संगणक हाताळणारा कोणीही ती एका रविवारी दुपारी करू शकतो.

प्रथम साहित्य. एक टीबीची बाहेरची हार्ड डिस्क आणि एक रिकामा पेनड्राइव्ह. पेनड्राइव्ह कशासाठी? मूळ डिस्क मेल्यावर संगणक सुरू करायला दुसरे काही नसते. इमेज उतरवणारा प्रोग्रॅम ज्यातून सुरू होतो, तो हा बचावाचा पेनड्राइव्ह. तो आधीच तयार करून, संगणक त्यातून सुरू होतो हे पाहून, त्यावर चिठ्ठी चिकटवावी. इमेज आहे पण हा पेनड्राइव्ह नाही, ही चूक फार घरांत होते.

दुसरे, प्रोग्रॅम. विंडोजमध्ये कंट्रोल पॅनेलच्या आत 'बॅकअप अँड रिस्टोर (विंडोज ७)' या नावाखाली सिस्टिम इमेज घेण्याची सोय आजही आहे. परंतु २०१७ पासून मायक्रोसॉफ्टने तिचा विकास थांबवला आणि अन्य प्रोग्रॅम वापरण्याचा सल्ला दिला. विनामूल्य मिळणाऱ्यांत तैवानमध्ये तयार झालेला क्लोनझिला आणि त्याच जातीचा, पण चित्रमय पडद्यामुळे सोपा असलेला रेस्क्यूझिला हे दोन चांगले आहेत. ते पेनड्राइव्हवरून सुरू होतात, त्यामुळे इमेज घेताना विंडोज व टॅली पूर्ण बंद असतात. कोणतीही फाइल अर्धवट उघडी राहत नाही. बचावाचा पेनड्राइव्हही तोच.

तिसरे, कुलूप. नव्या संगणकांत विंडोज अनेकदा डिस्कला बिटलॉकरचे कुलूप आपोआप लावते. त्याची ४८ अंकी किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यातून काढून कागदावर लिहावी आणि लॉकरमध्ये ठेवावी. ती नसेल तर वाचलेली डिस्कही परकी होते.

चौथे, प्रत्यक्ष प्रत. पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करावा, 'बॅकअप' निवडावे, प्रथम मूळ डिस्क आणि मग बाहेरची डिस्क दाखवावी. इमेजच्या नावात तारीख घालावी. घरगुती संगणकाचे काम सामान्यतः तास-दोन तासांत होते. त्या वेळी इन्व्हर्टर भरलेला असावा. दर महिन्याला एक इमेज घ्यावी, अशा तीन ठेवाव्यात आणि चौथी घेताना सर्वांत जुनी पुसावी. एकच इमेज ठेवून तिच्यावरच नवी लिहू नये. संगणकात शिरलेला दोष कधीकधी महिन्याने लक्षात येतो आणि तोवर चांगली प्रत पुसली गेलेली असते.

पाचवे, अंतर. अमेरिकी छायाचित्रकार पीटर क्रोग यांनी रूढ केलेला एक नियम संगणकविश्वात सर्वत्र पाळला जातो: माहितीच्या तीन प्रती, दोन निराळ्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. निरवांगीच्या घराला हे सहज साधते. एक डिस्क घरच्या कपाटात. दुसरी बारामतीला लेकीकडे किंवा पुण्याला भावाकडे. येता-जाता दोन्हींची अदलाबदल करावी. मात्र इमेजमध्ये बँकेचे कागद, गिऱ्हाइकांची खाती, साठवलेले पासवर्ड असे सारेच असते. बाहेरगावी जाणाऱ्या डिस्कला पासवर्ड लावावा आणि तो घरातील दोघांना तरी ठाऊक असावा. एकट्या कर्त्या पुरुषाच्या डोक्यात असलेला पासवर्ड ही वारसांसाठी बंद तिजोरी होय.

सहावे आणि सर्वांत महत्त्वाचे, पडताळणी. इमेज घेऊन झाल्यावर प्रोग्रॅमला ती तपासायला सांगावे. वर्षातून एकदा जुनी किंवा स्वस्तातली एक डिस्क संगणकात बसवून, मूळ डिस्क काढून बाजूला ठेवून, इमेज तिच्यावर उतरवून पाहावी. ही डिस्क मूळ डिस्कएवढी किंवा तिच्याहून मोठी असावी. येथे एक सावधगिरी प्राणमोलाची आहे: इमेज ज्या डिस्कवर उतरते, तिच्यावरचे आधीचे सारे पुसले जाते. डिस्क निवडताना तिचे नाव आणि आकार दोनदा वाचावा. संगणक सुरू झाला, टॅली उघडली, मार्चअखेरची बाकी जुळली, की समजावे किल्ली लागते.

काही गोष्टी इमेजमध्ये येत नाहीत, हेही माहीत असावे. डिजिटल सहीचा टोकन ही स्वतंत्र वस्तू आहे. तिचा ड्रायव्हर इमेजमध्ये येतो, सही येत नाही. संगणकच नवा घेतला तर टॅलीचा परवाना पुन्हा चालू करून घ्यावा लागू शकतो आणि जुन्या यंत्राची इमेज निराळ्या यंत्रावर बिनतक्रार चालेलच असे नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ज्या घरांना त्यामुळे नव्या आवृत्तीकडे जायचे आहे, त्यांनी तो बदल करण्याच्या आदल्या दिवशी संपूर्ण इमेज घ्यावी. बदल बाधला तर परत येण्याची वाट मोकळी राहते.

प्रत, अंतर आणि पडताळणी यांचे मोल जैन समाजाने संगणकाच्या फार आधी जाणले आहे. षट्खंडागमावरील धवला आणि कषायप्राभृतावरील जयधवला या टीकांच्या ताडपत्री प्रती शतकानुशतके मूडबिद्री या एकाच ठिकाणी, जुन्या कन्नड लिपीत होत्या. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईचे शेठ माणिकचंद हिराचंद जव्हेरी आणि सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद दोशी यांनी त्यांच्या नकला करवून घेण्याचा ध्यास घेतला. हे हिराचंद म्हणजे उद्योगपती वालचंद यांचे वडील. निरवांगीच्या शेजारचे वालचंदनगर त्याच वालचंदांच्या नावाने ओळखले जाते. नकलेचे काम वर्षानुवर्षे चालले. पुढे प्रा. हिरालाल जैन यांच्या संपादनाखाली धवलेचा पहिला खंड १९३९ मध्ये अमरावतीहून प्रसिद्ध झाला आणि एकूण १६ खंडांत ती टीका जगापुढे आली. छपाईला आधार होता तो नकलेवरून केलेल्या नकलांचा. नंतर मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी त्या ताडून पाहिल्या गेल्या, तेव्हा नक्कल करताना गळलेले शब्द आणि बदललेले पाठ हाती आले. प्रत केली म्हणजे काम संपले, असे त्या विद्वानांनी मानले नाही. मुळाशी ताडून पाहिलेली प्रतच त्यांनी खरी मानली.

पेढीच्या हिशेबाची तुलना शास्त्रग्रंथाशी होऊ शकत नाही. पण त्या हिशेबात शेकडो कुटुंबांचे देणे-घेणे असते आणि ते जसे आहे तसे राखणे हे सत्य आणि अचौर्य या व्रतांचेच रोजचे, दुकानातले रूप होय. दिवाळीत चोपडापूजन होते. नव्या वहीवर स्वस्तिक काढले जाते, शुभ-लाभ लिहिले जाते, हळद-कुंकू वाहिले जाते. यंदा पूजेच्या पाटावर वहीशेजारी बाहेरची डिस्क ठेवायला हरकत नाही. मात्र ती पाटावर ठेवण्यापूर्वी संगणकाला एकदा जोडावी, नवी इमेज घ्यावी, ती तपासावी. पूजा झाली की एक डिस्क कपाटात ठेवावी आणि भाऊबीजेला येणाऱ्या लेकीच्या पिशवीत, फराळाच्या डब्याबरोबर, दुसरी द्यावी.